डोळा लागला

घोटावडे
४ ऑगस्ट १९५२

मायना घालत नाही. सप्रेम लिहिलं तर खोटं होईल आणि नुसता कोरडा नमस्कार लिहिला तर पोस्टमास्तरकडे तक्रार केल्यासारखं वाटेल. तेव्हा तशीच सुरुवात करते.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली, तारही मिळाली. सांताक्रूझला परत कधी येणार, असं विचारलंत. येणार नाही. आखाडाला म्हणून माहेरी आले होते, आता इथंच राहणार आहे. का, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. पण तुम्ही पुरुष माणसं ठाऊक असलं तरी विचारता, म्हणून लिहिते.

रविवारी पुण्याचा पेपर आला. कुशाबा मास्तर नेहमीप्रमाणे मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचून दाखवत होते. आबा समोरच बसले होते. दादाच्या विमानाची बातमी आहे म्हटल्यावर सगळे जवळ सरकले. मास्तर वाचत गेले, "आसामात डोंगरावर आदळलेल्या डाकोटा विमानाचा वैमानिक झोपला होता, असे वैमानिक संघटनेचे चिटणीस कॅप्टन इंगवले यांनी आमच्या बातमीदारास सांगितले." नाव तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की इंगवले म्हणजे समोर बसलेल्या हैबतरावांचे जावई. त्यांनी पेपरची घडी केली. आबा म्हणाले, "परत वाचा." मास्तरांना परत वाचावं लागलं.

घरी येऊन आबांनी मुंडासं खुंटीला अडकवलं आणि आईला म्हणाले, "जावयानं आपल्या वाल्मीकला कामचुकार ठरीवलं. पेपरात." आई चुलीपुढून उठली नाही. भाकरी करपली तरी उठली नाही.

अहो, दादाच्या अस्थी तुम्ही स्वतः घेऊन आलात. ह्याच ओसरीवर आबांच्या गळ्यात पडून रडलात. तुमचा जिवाभावाचा मित्र तो, त्यानंच तर आपलं लग्न जमवलं. त्याला नदीत सोडून तुम्ही मुंबईला गेलात काय आणि पेपरवाल्यापुढे तोंड उघडलंत काय! कामावर झोपणाऱ्याला आमच्याकडे पुन्हा कुणी बांधावर उभं करत नाही. आणि तुम्ही मेलेल्या माणसाला तसं म्हणालात. त्याला उलटून बोलताही येत नाही.

माझे कपडे पाठवू नका. इथं आईची लुगडी आहेत.

जया

घोटावडे
३१ ऑगस्ट १९५२

तुमचं लांबलचक पत्र वाचलं, पुन्हाही वाचलं. चिटणीस झाल्यापासून तुम्ही पत्रंही भाषणासारखी लिहिता. बायकोला "विचार करून पाहावा" असं कुणी लिहितं का?

केला विचार. मला सगळं कळलं आहे, मी काही अडाणी नाही. विमानातला रेडिओवाला वाचला, तो इस्पितळातून सांगतो, की त्यानं मान वर करून पाहिलं तेव्हा दादा आणि त्याचा जोडीदार, दोघांच्याही माना खाली होत्या, दादाचे हात मात्र विमान वळवायच्या चाकावरच होते. तो ओरडला, पण तोवर डोंगर समोर आला होता. आता कंपनी सरकारला सांगते आहे, की हा वैमानिकाचा निष्काळजीपणा. आणि सरकार तर उड्डाणाच्या तासांची मर्यादा आणखी सैल करायच्या विचारात आहे, कारण विमानं फार आणि वैमानिक थोडे. म्हणून तुम्ही सगळे दंडावर काळ्या फिती लावून हिंडता आहात. दादाला विश्रांती न देता परत बोलावलं होतं, हे चौकशीत सिद्ध झालं तर तास वाढणार नाहीत. दादा झोपला असं सांगण्यात त्याची बदनामी नाही, बाकीच्यांचा जीव वाचवणं आहे. बरोबर ना? पाठ झालं मला.

लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा इथं आलात तेव्हा आबांना म्हणाला होतात, "आम्ही तासांसाठी भांडतोय, महिन्याला तास फार होतात." आबांना वाटलं नांगराची तासं. त्यांनी विचारलं, "म्हंजी आता इमानानं नांगरत्यात व्हय?" दादा हसून हसून आडवा झाला होता. तेव्हापासून तुम्हा दोघांचा विषय निघाला की आबा विचारायचे, "किती तासं घातली ह्या महिन्यात?" आता विचारत नाहीत.

तुमच्या पत्रातला शेवटचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. दादा रजेवर इथं आला होता, रजा पुरी व्हायच्या आत त्याला तार आली, ती आबांनी हातात घेतली, एवढं त्यांनी मुंबईला येऊन सांगावं, असा तो मजकूर. आबा म्हणाले, "म्या जाऊन काय सांगू? माझा पोरगा झोपला म्हनू? कुनाच्या बापानं आसं सांगितलंय का?" त्यांना आता तारेचं नावसुद्धा चालत नाही. कुणी काढलं की उठून गोठ्यात जातात आणि वैरण पुन्हा पुन्हा झाडत बसतात. एक वेळचं जेवण सोडलं आहे. का, ते मला कळत नाही. राग तुमच्यावर आहे, मग तारेवर का?

आता एक लिहिते. लिहू नये असं वाटतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्या वेळी दादा पौडहून चिखलातून चालत आला. दारातूनच म्हणाला, "आये, म्या निजायला आलोय, मला काय इचारू नगंस." आईनं गरम भात वाढला, वर दूध. त्यानं घास उचलला आणि हात तोंडाजवळ नेऊन तसाच थांबला. मला वाटलं, मस्करी करतो आहे. मग हात ताटात पडला आणि मान छातीवर गेली. आईनं त्याचा हात धुतला, पुसला, तरी त्याला जाग नाही. आम्ही तिघांनी धरून त्याला माजघरात निजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तार घेऊन माणूस आला आणि दादा निघाला. त्याला बुटाच्या नाडीची गाठ मारता येईना. ती मी मारली.

तुमच्या रेडिओवाल्यानं सांगायच्या आधीच मला ठाऊक होतं. अपघात झाला, असं तुम्ही ओसरीवर म्हणालात ना, त्याच क्षणी मला तो ताटातला हात दिसला. तरी मी तुमच्यावर रागावले. रागावणारच, कारण तुम्ही ते घरात नाही बोललात, पेपरात बोललात.

हे मी चिटणिसाला लिहीत नाही, नवऱ्याला लिहिते. कुणाला दाखवू नका. तुम्हीही तसेच येता आणि बूट घालूनच पलंगावर आडवे होता. ते मी काढते. हल्ली कोण काढतं?

जया

घोटावडे
१४ सप्टेंबर १९५२

तुमच्या संघटनेच्या वकिलांचं पत्र आलं. "कैलासवासी कॅप्टन ढमाले यांचा हात जेवताना ताटात पडला, त्या वेळी आपण हजर होता काय?" असं त्यात विचारलं आहे.

दाखवलंत. पत्र मिळाल्यावर दम धरवला नाही.

खूप मोठं काम करता आहात, ठाऊक आहे मला. पण तुमच्या कामाला माझा भाऊ लागतो, माझा बाप लागतो, आता माझं पत्रही लागतं. घरात काही शिल्लक ठेवणार आहात का? यापुढे लिहिणार नाही. भातातलं तण काढायची बेणणी चालू आहे, मला कामं आहेत.

जया

घोटावडे
२७ ऑक्टोबर १९५२

लिहिणार नाही म्हटलं होतं आणि लिहिते आहे. उगाच फुशारून जाऊ नका.

आंबेमोहर पिकला आहे. पिकलं की डोंगरातून रानडुकरं उतरतात, म्हणून खाचरात माळा घालून राखण ठेवावी लागते. आमच्याकडे वरच्या वाडीतला देवू असतो. परवा डुकरांनी आमचा आणि शेजारच्या गेणबाचा मिळून बराच तुकडा तुडवला. गेणबा चिडला. देवू झोपला, त्याला राखणीवरून काढा, म्हणून तो पारावर चारचौघांत उभा राहिला. देवू मान खाली घालून बसला होता. त्याची बायको तानूबाई लांब उभी राहून पदरानं तोंड दाबत होती.

आमच्या गावात अशा वेळी दोनच गोष्टी विचारतात. आबांनी विचारल्या. "गोफन कुटं व्हती?" देवू म्हणाला, "हातात." आबांनी माळ्यावर आधी पोचलेल्या माणसाकडे पाहिलं, तो म्हणाला, "व्हय, बोटाला दोरीचा पीळ तसाच व्हता." मग आबा म्हणाले, "आन घोंगडी?" देवू म्हणाला, "खुंट्याला." तीही तशीच घडी घातलेली मिळाली होती.

"मग तो झोपला न्हाई," आबा म्हणाले. "घोंगडी पांघरून आडवा झाला तर मानूस झोपला. बसल्या जागी गोफन हातात ठिवून त्याचा डोळा लागला. दिसभर म्याच त्याला कापनीला घेतला आन म्याच राखनीला बशिवला. दोष माझा." गेणबाचं नुकसान आबांनी आमच्या खळ्यावरून भरून द्यायचं ठरलं आणि माळ्यावर दुसरा माणूस वाढवला. एवढं बोलून सगळे पांगले. इथं त्यात कुणाला नवल वाटत नाही, पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं आहे.

मी पाण्याची घागर घेऊन तिथंच उभी होते. घरी येताना आबांच्या मागून चालता चालता मी म्हणाले, "आबा, दादा झोपला नव्हता. त्याचा डोळा लागला होता."

ते थांबले. पण मागं वळले नाहीत. मी म्हटलं, "ह्यांनी पेपरवाल्याला इंग्रजीतून सांगितलं असणार. इंग्रजीत दोन्हीला एकच म्हणतात. पेपरवाल्यानं मराठीत करताना 'झोपला' असं केलं. दादाचे हात विमानाच्या चाकावर होते, आबा. रेडिओवाल्यानं पाहिलंय." ते खाली बांधावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. अस्थी आल्या त्या दिवसापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

आज सकाळी म्हणाले, "चल ममईला. जावयाला कळीव. पन म्या सांगंन तसंच लिवाया पायजे." तेव्हा कळवते आहे. तारीख कळवा. उतरण्याची सोय करू नका, आईच्या मावसभावाकडे परळला उतरू.

तुम्ही पेपरवाल्याला इंग्रजीतूनच सांगितलं होतं ना? नसेल तर मला सांगू नका.

जया

घोटावडे
२ डिसेंबर १९५२

आम्ही सुखरूप पोचलो. तुम्ही जिन्यापाशी उभे होता, काही बोलायचं होतं तुम्हाला. मीच बोलू दिलं नाही. आबा माझ्या हाताला धरून होते, आणि तुमच्याकडे पाहिलं असतं तर मलाच रडू फुटलं असतं. फार वाळला आहात.

चौकशीत काय झालं ते तुम्हाला मी सांगावं असं नाही, तुम्ही तिथंच होता. तरी सांगते, कारण तुम्ही अर्धा वेळ वकिलांच्या कानाला लागला होता.

आबांनी सगळं नीट सांगितलं. ताट, हात, माजघर. डोळा लागला म्हणाले, गोफण आणि घोंगडीचंही सांगितलं. चौकशी करणारे साहेब हसले. आबांना वाटलं त्यांना पटलं, म्हणून तेही थोडं हसले. मला तेच सगळ्यात असह्य झालं. मग दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं आणि टायपिस्टानं वाचून दाखवलं. मला मॅट्रिकपुरतं इंग्रजी येतं. "माझा मुलगा कामावर असताना झोपी गेला" असं त्यात निघालं. मी तुमच्या वकिलांकडे पाहिलं, तर त्यांनी नुसता हात हलवला, चालायचंच, अशा अर्थानं.

आणि मग कंपनीच्या वकिलानं तारेचं विचारलं.

आबा तारेचं नाव काढलं की का उठून जायचे, ते मला तिथं कळलं. तुम्हालाही तिथंच कळलं असेल. तार आली तेव्हा मी विहिरीवर होते. मला वाटायचं दादा आपला आपण उठला. आबा म्हणाले, "त्यो उठत नव्हता. म्याच उठीवला. दोनदा हलीवला, तोंडावर पानी मारलं. म्हनलं, वाल्या, सायबाचं बोलावनं हाय, बोलावल्यावर मानसानं पडून ऱ्हाऊ न्हाई. आमच्यात कुनी ऱ्हात न्हाई. तवा उठला."

मग तो वकील साहेबांकडे वळून इंग्रजीत म्हणाला, की म्हणजे खुद्द बापाला मुलगा कामावर जाण्याजोगा वाटला होता. ते आबांना कळलं नाही. मला कळलं. तुम्हाला कळलं. तुम्ही उभे राहिलात, तुम्हाला खाली बसवण्यात आलं. तुम्ही उभे राहिलात, हे मी पाहिलं, एवढं तुम्हाला ठाऊक असावं.

खाली आल्यावर आबांनी विचारलं, "तसंच लिवलं का?" मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणू?

चौकशीला आलेला बोरिवलीचा तो वैमानिक, आणि मद्रासचा, आणि बाकीचे ज्यांनी तुमच्याबरोबर ठरल्याहून जास्त तास उडायचं नाकारलं आहे, त्यांना सांगा, की माझ्या वडिलांनी येऊन काही बिघडवलं असेल तर माफ करा. त्यांनी खरं तेच सांगितलं.

तुम्ही स्वतः दमल्यावर नाही म्हणता ना? की चिटणीस म्हणून नाही म्हणायचं आणि वैमानिक म्हणून उडायचं, असं चाललंय?

जया

घोटावडे
१९ फेब्रुवारी १९५३

अहो,

तुमचं पत्र आणि सोबतचा चौकशीचा इंग्रजी अहवाल, दोन्ही मिळालं.

आधी तुमच्याविषयी. नव्या, वाढीव तासांच्या कागदावर एकेकानं सही केली, तुम्ही केली नाही, आणि कंपनीनं तुम्हाला काढलं. मित्र रस्त्यात भेटले तर घड्याळ पाहतात, असं लिहिलंत. वाईट वाटलं. पण खरं सांगू? त्याआधी आनंद झाला. पत्र हातात घेऊन मी परसात गेले आणि तुळशीपाशी बसून रडले, की आता हा माणूस जमिनीवर आहे. तुम्ही हरलात आणि मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

इथं येऊ का, असं विचारलंत. दोन ओळी त्यासाठी घालवल्यात, घर काय माझ्या एकटीचं आहे? या. पण येण्याआधी हे पुरतं वाचा.

अहवाल आला तो दिवस बाजाराचा होता. पाकीट आबांनीच आणलं. हातपाय धुऊन, मुंडासं बांधून समोर बसले आणि म्हणाले, "वाच." मी आधी मनात वाचलं. त्यात आहे, की वैमानिक आपल्या जागी झोपी गेला, हा त्याचा निष्काळजीपणा. विश्रांती कमी पडल्याचा पुरावा समाधानकारक नाही. आणि शेवटी ते वाक्य, की त्याच्या वडिलांनीच त्याला उठवून कामावर पाठवलं, यावरून तो कामास योग्य होता असं दिसतं. तुमचा लढा त्यांनी माझ्या बापाच्या तोंडच्या वाक्यावर बुडवला.

मी मोठ्यानं वाचलं, "वैमानिकाचे हात चाकावर होते. बसल्या जागी त्याचा डोळा लागला. दोष त्याचा नाही, त्याला विश्रांती न देणाऱ्यांचा आहे."

आबांनी डोळे मिटले. मग विचारलं, "आन उठीवनाऱ्याचं?"

मी कागदावर बोट ठेवलं आणि वाचलं, "वडिलांनी नेहमीच्या रीतीप्रमाणे मुलाला उठवले. त्यांचा काही दोष नाही."

"परत वाच," म्हणाले. मी तेच शब्द, त्याच ठिकाणी बोट ठेवून परत वाचले. माझा आवाज कापला नाही. नवऱ्याच्या घरी राहून भाषण ऐकण्याचा एवढा तरी उपयोग झाला.

आबा त्या दिवशी दोन्ही वेळ जेवले. दुसऱ्या दिवशी अहवाल कोपरीच्या खिशात घालून पारावर गेले. मला कळेपर्यंत उशीर झाला होता. मी धावत गेले तेव्हा तो कागद कुशाबा मास्तरांच्या हातात होता, आणि मास्तरांना इंग्रजी येतं. ते मनातल्या मनात वाचत होते. सगळे वाट पाहत होते. गेणबा होता, देवूही होता. मास्तरांनी पान उलटलं, पुन्हा मागं आले, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले.

"बरोबर हाय, हैबतराव," मास्तर म्हणाले. "सरकारनं तसंच लिवलंय." आणि कागदाची घडी घालून आबांच्या खिशात स्वतःच्या हातानं ठेवली.

तेव्हापासून आबा कुणी पाहुणा आला की त्याला सांगतात. घोटावड्यात आता सगळ्यांना ठाऊक आहे, की वाल्मीक झोपला नव्हता आणि हैबतरावांचा दोष नव्हता. मास्तर आणि मी एकमेकांशी त्याविषयी एक शब्द बोललो नाही.

तुम्ही खऱ्यासाठी नोकरी घालवलीत. तुम्हाला हे अवघड जाईल, मला कळतं. त्या अहवालाविरुद्ध पुढं जे करायचं ते मुंबईत, दिल्लीत, कुठंही करा. मी तुमच्या बाजूनं सही करीन, साक्ष देईन, ताटातला हात सगळ्या जगाला सांगीन. पण ह्या घरात नाही.

आबांनी काल विचारलं, जावई येणार का. मी म्हटलं, येतील. मग ते म्हणाले, "त्यो तितला मानूस हाय. त्याला ठावं आसंल समदं. त्याला इचारीन एकदा." माझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण मी लेक पडले. मास्तर गावचे पडले. तुम्ही तिथं बसला होता, आणि पेपरात पहिल्यांदा बोललात तेही तुम्हीच. तुमचा शब्द ऐकल्याशिवाय त्यांचं मन पुरतं भरणार नाही.

पौडला शनिवारी उतरा, मी बैलगाडी पाठवते. हातपाय धुवाल, पाणी प्याल, आणि मग ते विचारतील.

"व्हय, आबा," एवढंच म्हणा. नजर खाली घालू नका.

तुमची
जया